तांब्यावरची अक्षरं वाचणारे मिराशी : लामत्याच्या दोन्ही बाजूंचा इतिहास उघडणारा माणूस

लामता (बालाघाट) : लामत्याच्या स्टेशनावरून रेल्वे दोन दिशांना जाते. उत्तरेला नैनपूर, पुढं जबलपूर. दक्षिणेला बालाघाट, गोंदिया आणि तिथून नागपूर. आपल्यातल्या वयस्कर मंडळींनी ही लाइन छोट्या गाडीची पाहिली आहे. आता ब्रॉडगेज झाली, गाड्यांचा वेग वाढला. पण या एका लाइनीच्या दोन टोकांना दोन जुनी राज्यं होती, हे गाडीत बसणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असतं. जबलपूरच्या बाजूला कलचुरींची त्रिपुरी, म्हणजे आजचं तेवर. नागपूरच्या बाजूला वाकाटकांचं नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं नगरधन.

या दोन्ही राज्यांचे लेख एकाच माणसानं एकत्र केले, वाचले आणि छापून सगळ्यांपुढं ठेवले. तो माणूस होता कोकणात जन्मलेला, पुण्यात शिकलेला आणि उभं आयुष्य नागपुरात घालवलेला मराठी प्राध्यापक. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी. त्यांना जाऊन चार दशकं झाली. विदर्भात अभ्यासक अजून त्यांचं नाव आदरानं घेतात. आपल्याकडं, म्हणजे रेषेच्या अलीकडं, ते नाव हळूहळू पुसट होत चाललं आहे. खरं तर बालाघाट जिल्ह्यानं हे नाव विसरणं म्हणजे स्वतःच्या घराची सगळ्यात जुनी कागदपत्रं कुणी वाचून दिली, हेच विसरण्यासारखं आहे.

कोकणातून नागपूर

मिराशींचा जन्म 13 मार्च 1893 रोजी देवगड तालुक्यातल्या कुवळे गावी झाला. तेव्हा हा तालुका रत्नागिरी जिल्ह्यात होता, आज सिंधुदुर्गात आहे. उच्च शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झालं. विषय संस्कृत. याच कॉलेजात त्यांच्या आधीच्या काळात फ्रांझ कीलहॉर्न नावाचे जर्मन पंडित शिकवून गेले होते. हे नाव लक्षात ठेवा, बालाघाटच्या संदर्भात ते पुन्हा येणार आहे.

1919 मध्ये मिराशी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून आले. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. बालाघाट, सिवनी, छिंदवाडा, मंडला, जबलपूर, भंडारा, वर्धा, अमरावती, अकोला, सगळे जिल्हे एकाच प्रांतात. कोर्टकचेरी असो की कॉलेज, आपल्याकडच्या माणसाचं तोंड नागपूरकडंच असायचं. मिराशींच्या संशोधनाचा नकाशाही हाच होता. त्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश अशी रेष नव्हती, कारण ती रेष तेव्हा अस्तित्वातच नव्हती.

सुरुवातीला ते साहित्याचे माणूस. कालिदास आणि भवभूती हे त्यांचे आवडते विषय, आणि दोघांवरही त्यांनी ग्रंथ लिहिले. पण नागपुरात राहणाऱ्या संस्कृतच्या प्राध्यापकाकडं आणखी एका प्रकारचं संस्कृत येऊ लागतं. कुणाच्या शेतात नांगराला लागलेला पत्रा, देवळाच्या भिंतीत उलटा बसवलेला दगड, खाणीजवळ सापडलेली कडीत ओवलेली ताम्रपटांची जुडी. असल्या वस्तूंवरची भाषा संस्कृत असते, पण लिपी आजची नसते. ती वाचायला वेगळी साधना लागते. मिराशींनी ती केली.

त्यांच्या आधी या प्रांतात वाट पाडून ठेवली होती कटनीच्या रायबहादूर हिरालालांनी. सरकारी नोकरीत गावोगाव फिरताना हिरालालांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या लेखांची वर्णनासह यादी केली आणि 1916 मध्ये ती छापून निघाली. कुठल्या गावी कुठला लेख आहे, हे त्या यादीतून कळू लागलं. पण यादी म्हणजे पत्ता. घरात काय आहे ते पाहायचं काम पुढच्यांसाठी शिल्लक होतं.

लेख वाचणं म्हणजे नेमकं काय

पुरातत्त्व खातं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं येतो निळा फलक, लोखंडी कुंपण आणि तिकिटाची खिडकी. तेवढंच त्याचं काम नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची सुरुवात 1861 मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या नेमणुकीनं झाली. पहिल्यापासून या खात्याच्या कामाचे दोन भाग राहिले. एक वास्तू सांभाळण्याचा, दुसरा त्या वास्तूवर, दगडावर, तांब्यावर काय लिहिलंय ते नोंदवून छापण्याचा. पहिल्या भागाला कायद्याचं मोठं बळ 1904 च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्यानं मिळालं, आणि स्वातंत्र्यानंतर 1958 च्या कायद्यानं. दुसऱ्या भागासाठी पुरालेखांची वेगळी शाखा झाली. तिचं मुख्यालय बरीच वर्षं उटकमंडला होतं, पुढं म्हैसूरला गेलं. अरबी-फारसी लेखांची शाखा तर आजही आपल्या शेजारी, नागपुरात आहे.

दगडावरचा लेख थेट वाचणं फार कठीण. ऊन कुठून पडतं त्यावर अक्षर बदलतं. एखादा खळगा मात्रा वाटतो, एखादी रेघ नुसतीच भेग निघते. म्हणून आधी ठसा घेतात. दगड पाण्यानं आणि ब्रशनं स्वच्छ करायचा, त्यावर ओला कागद पसरायचा, ताठ केसांच्या ब्रशनं तो ठोकून ठोकून अक्षरांच्या खोबणीत बसवायचा आणि वरून गादीनं शाई लावायची. शाई उंच भागाला लागते, खोबणीतलं अक्षर पांढरं राहतं. वाळल्यावर कागद काढला की दगड जागच्या जागी आणि त्याची नक्कल तुमच्या हाती. हा ठसा उटीला पाठवता येतो, नागपूरला पाठवता येतो, पाच जणांना एकाच वेळी दाखवता येतो.

मग खरं वाचन. एकेक अक्षर लावायचं, तुटलेल्या जागा तशाच दाखवायच्या, आपण अंदाजानं भरलेलं अक्षर कंसात ठेवायचं, भाषांतर द्यायचं, गावांची नावं आजच्या नकाशावर शोधायची, काळ ठरवायचा. आणि शेवटी ठशाचं छायाचित्रही सोबत छापायचं. ही शेवटची पायरी सगळ्यात प्रामाणिक. माझं वाचन चुकलं असेल तर तुम्ही स्वतः पाहा, असा तिचा अर्थ. मिराशींचा स्वभाव या शिस्तीला साजेसा होता. आधीच्या मोठ्या पंडितांचं वाचन त्यांनी दुरुस्त केलं, ते पुरावा पुढं ठेवूनच.

बालाघाटचा अपुरा ताम्रपट

आता आपल्या जिल्ह्याकडं येऊ. वाकाटकांचा एक ताम्रपट बालाघाट ताम्रपट याच नावानं इतिहासाच्या पुस्तकांत आहे. दुसऱ्या पृथिवीषेणाचा, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. तो पहिल्यांदा नीट वाचून छापला कीलहॉर्न यांनी, एपिग्राफिया इंडिका या सरकारी नियतकालिकाच्या नवव्या खंडात. पुढं मिराशींनी वाकाटकांचे सगळे लेख एकत्र केले, त्यात त्याला जागा मिळाली.

हा ताम्रपट विलक्षण आहे, कारण तो अपुरा आहे. त्यात राजाची वंशावळ येते. वडील नरेंद्रसेन, ज्यांची आज्ञा कोसल, मेकल आणि मालव इथले राजे मानत. आई अज्झितभट्टारिका, कुंतलच्या राजाची मुलगी. स्वतः पृथिवीषेणानं घराण्याचं बुडालेलं भाग्य दोनदा वर काढलं, असंही त्यात येतं. पण इथं लेख थांबतो. कुणाला दान दिलं, कुठलं गाव दिलं, काहीच नाही. म्हणजे वंशावळीचा मजकूर आधी कोरून ठेवला होता आणि पुढचा भाग कधी कोरलाच गेला नाही.

दानाच्या दृष्टीनं हा कागद निकामी. इतिहासाच्या दृष्टीनं फार मोलाचा. वाकाटकांच्या मुख्य शाखेचे शेवटचे दिवस कसे गेले, त्याचा मोठा आधार हाच लेख. आणि त्यातला मेकल म्हणजे कुठला दूरचा देश नव्हे. मैकल डोंगररांग तीच. बैहरच्या बाजूला गेलं की ती दिसते. दीड हजार वर्षांपूर्वीच्या राजाच्या लेखात आपला डोंगर आहे.

दुसरा लेख तिरोडीचा. कटंगीच्या पलीकडं, मँगनीजच्या खाणींसाठी ओळखलं जाणारं तेच तिरोडी. इथला ताम्रपट दुसऱ्या प्रवरसेनाचा, त्याच्या राज्याच्या 23 व्या वर्षातला. हा मिराशींनी स्वतः वाचून एपिग्राफिया इंडिकात छापला. त्यात कोसंबखंड नावाचं गाव दान दिल्याची नोंद आहे. कोसंब म्हणजे कोशिंब, हिंदीत ज्याला कुसुम म्हणतात ते झाड. त्यावर लाख धरतात. आपल्या जंगलात हे झाड अजून आहे. राजे गेले, राजधानी गेली, लिपी गेली, पण गावाला झाडावरून नाव द्यायची इथल्या माणसाची सवय तशीच राहिली.

वाकाटकांच्या ताम्रपटांची लिपीही पाहण्यासारखी. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर छोटी चौकोनी पेटी असते. म्हणून तिला पेटिकाशीर्षक म्हणतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. तिरोडीत असा पत्रा हाती लागलेल्या माणसाला त्यातलं एक अक्षर लागलं नसणार. तरी पत्रा वितळला नाही, मोडीत गेला नाही, म्हणूनच तो नागपूरपर्यंत पोचला. वाचणाऱ्याइतकंच श्रेय न वितळवणाऱ्याचंही आहे. पुण्यात तर प्रभावतीगुप्ताचा ताम्रपट चक्क एका तांबटाच्या घरात होता. तांब्यावर पोट असणाऱ्या घरानं तो जपला, म्हणून चंद्रगुप्त विक्रमादित्याची मुलगी वाकाटकांची सून होती आणि मुलगा लहान असताना तिनंच राज्य चालवलं, हे आज पाठ्यपुस्तकात आहे.

वाशिमच्या तांब्यानं अजिंठ्याची भिंत वाचली

मिराशींचं काम समजून घ्यायला सगळ्यात चांगली गोष्ट वाशिमची. 1939 मध्ये वाशिमला विंध्यशक्ती दुसरा या वाकाटक राजाचा ताम्रपट सापडला. मिराशी आणि द. ब. महाजन यांनी तो छापला. त्यात संस्कृतसोबत प्राकृत भाषाही आहे. या लेखातून कळलं की वाकाटकांची एक वेगळी शाखा वत्सगुल्म इथून, म्हणजे वाशिमहून राज्य करत होती आणि तिचा मूळ पुरुष सर्वसेन होता.

आता चला अजिंठ्याला. तिथल्या 16 नंबरच्या लेण्याबाहेर एक मोठा शिलालेख आहे. हे लेणं कोरवून घेतलं हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं. लेख जागोजागी झिजलेला. भाऊ दाजी लाड, भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर अशा मातब्बरांनी त्यावर मेहनत घेतली होती. पण तुटक्या अक्षरांमुळं त्या वाचनात काही राजांची नावं मुख्य घराण्यातली लागली आणि वंशावळ काही केल्या जुळेना.

वाशिमचा ताम्रपट हाती आल्यावर मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला. जिथं आधी दुसरी नावं वाचली गेली होती, तिथं सर्वसेन आणि विंध्यसेन ही नावं आहेत, हे त्यांनी दाखवलं. वंशावळ जुळली. अजिंठ्याची ती लेणी कुणाच्या राज्यात, कुठल्या शाखेच्या काळात झाली, याचं उत्तर पक्कं झालं. 1941 मध्ये हे वाचन हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याच्या ग्रंथमालेत निघालं, कारण अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. म्हणजे वऱ्हाडातला ताम्रपट, निजामाच्या राज्यातली भिंत आणि ब्रिटिश हद्दीतल्या नागपूरचा प्राध्यापक. तीन कारभार, पण लेख एकमेकांना धरूनच वाचावे लागले.

अजिंठ्याच्या चित्रांची देखभाल संस्थानानं बरीच आधीपासून चालवली होती, इटलीहून कारागीर आणून. लेणी लोकांसाठी खुली होती. पण लेण्याचं दार उघडं असलं तरी दाराशेजारचा लेख बंदच होता. तो 1941 मध्ये उघडला. वास्तू जपणं आणि वास्तू समजणं ही दोन कामं आहेत. दुसरं काम झालं नाही तर पाहुणा येतो, फोटो काढतो आणि आला तसा परत जातो.

याच 1941 साली मिराशींना महामहोपाध्याय ही पदवी मिळाली. पुढं ते मॉरिस कॉलेजचे प्राचार्य झाले, नंतर काही वर्षं अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे. निवृत्तीनंतर नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहासाचं काम पाहिलं. विदर्भ संशोधन मंडळाशी त्यांचं नातं दीर्घ राहिलं. मराठीत त्यांनी संशोधन मुक्तावलीचे भाग लिहिले, वाकाटकांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इंग्रजीत विद्वानांसाठी जे लिहिलं ते मराठी वाचकालाही मिळावं, ही काळजी त्यांनी घेतली.

दोन खंड, मधे एक रेष

सरकारी लेखसंग्रहाची एक मोठी मालिका आहे, कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकेरम. पहिला खंड खुद्द कनिंगहॅम यांचा, 1877 चा, अशोकाच्या लेखांचा. तिसरा फ्लीट यांचा, 1888 चा, गुप्तांच्या लेखांचा. सिवनीचा वाकाटक ताम्रपट त्यात होता. चौथ्या खंडाचं काम पुरातत्त्व सर्वेक्षणानं मिराशींना दिलं. विषय कलचुरी-चेदी संवत वापरणारे लेख. हा संवत इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्यावर सुरू झाला. त्याची वर्षं इसवी सनात नेमकी कशी बदलायची, हा मोठा घोळ होता. मिराशींनी एकेका लेखातली तिथी-वार तपासून तो बराच निस्तरला.

हा चौथा खंड 1955 मध्ये, दोन भागांत निघाला. त्रिपुरीचे कलचुरी, रतनपूरचे कलचुरी आणि त्यांच्या आधीची घराणी त्यात आली. नुसते लेख नाहीत, तर त्या काळचा कारभार, कर, धर्म, देवळं, नाणी यांची मोठी प्रस्तावना. जबलपूर, कटनी, रीवा, बिलासपूर या भागाचा मध्ययुगीन इतिहास आज जो कुणी लिहितो, त्याला या खंडावाचून पाऊल टाकता येत नाही.

एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. भेडाघाटला सापडलेला, राणी अल्हणदेवीच्या देवळाचा लेख असलेला दगड एकोणिसाव्या शतकात एक अमेरिकी विद्वान आपल्यासोबत अमेरिकेला घेऊन गेला. 1904 चा कायदा तेव्हा नव्हता. नर्मदेकाठचा दगड साता समुद्रापार गेला. त्याचं वाचन मात्र छापलेलं असल्यानं मजकूर आपल्याकडं राहिला. वस्तू हरवली तरी नोंद उरते, ती अशी. आणि नोंदच नसेल तर वस्तू होती की नव्हती, हेही कुणी सांगू शकत नाही.

चौथा खंड निघाला तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती. पुढच्याच वर्षी, 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. बालाघाट, सिवनी, छिंदवाडा इकडंच राहिले. आपल्या घरात एका बहिणीचं सासर गोंदियाला आणि दुसरीचं वारासिवनीला असतं. रेष पडली म्हणून माहेर बदलत नाही. पण कागदपत्रं, खाती, अभ्यासक्रम मात्र बदलले.

मिराशींनी आपलं काम रेषेवर अडू दिलं नाही. पाचवा खंड, वाकाटकांच्या लेखांचा, 1963 मध्ये निघाला. तोवर नागपूर महाराष्ट्रात गेलं होतं. या खंडात वाशिम आहे, अजिंठा आहे, अमरावतीकडचं चम्मक आहे, आणि त्याच पानांत बालाघाट, तिरोडी, सिवनी, छिंदवाड्याकडचं दुदिया आहे. एका राज्याच्या शाळेत शिकवला जाणारा आणि दुसऱ्या राज्याच्या शाळेत गाळला जाणारा इतिहास त्या जिल्दीत एकत्र बांधलेला आहे. 1955 आणि 1963, ही दोन पुस्तकं शेजारी ठेवा. मधे आपली राज्यसीमा आखली गेली, आणि दोन्हीकडचे लेख मांडणारा हात एकच.

त्यानंतरही ते थांबले नाहीत. कोकणच्या शिलाहारांचा सहावा खंड 1977 मध्ये आला, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. जन्मभूमीचं देणं असं म्हातारपणी फिटलं. त्याआधी 1975 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. 3 एप्रिल 1985 रोजी, वयाच्या 92 व्या वर्षी ते गेले.

जिथं मतभेद झाले

मिराशी म्हणाले ते सगळं शेवटचं, असं मानणं त्यांनाच रुचलं नसतं. वाकाटकांची प्रवरपूर ही राजधानी म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं पवनार, असं त्यांचं मत होतं. 1997 नंतर रामटेकजवळ मनसरला मोठं उत्खनन झालं, तिथं भव्य अवशेष निघाले. प्रवरपूर मनसरलाच असावं, असं मग अनेक अभ्यासक म्हणू लागले. आज तो पक्ष बळकट आहे.

रामटेकबद्दल मात्र त्यांचा पाया भक्कम ठरला. मेघदूतातला रामगिरी म्हणजे सरगुज्यातला रामगड, असं काही जण म्हणत. मिराशींनी रामटेकची बाजू सातत्यानं मांडली, वाकाटकांच्या लेखांचा आधार देऊन. 1980 नंतर रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरात डागडुजी करताना भिंतीवरचा चुन्याचा थर काढला, तेव्हा खालून वाकाटककालीन शिलालेख निघाला. शेकडो लोक रोज त्या भिंतीशेजारून दर्शनाला जात होते. लेख होता, पण चुन्याखाली. रामटेक वाकाटकांचं महत्त्वाचं तीर्थ होतं, हे त्यानं आणखी पक्कं केलं.

या दोन्ही गोष्टी एकाच रीतीमुळं शक्य झाल्या. लेख वाचायचा, फोटोसकट छापायचा आणि पुढच्या पिढीला तपासायला मोकळा ठेवायचा.

आपल्या हातात काय आहे

पुरातत्त्व सर्वेक्षणानं 2020 मध्ये जबलपूरचं स्वतंत्र मंडळ केलं. या भागासाठी कार्यालय आधीपेक्षा जवळ आलं. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर बांधकामाला बंदी आणि पुढं 200 मीटर परवानगीशिवाय बांधकाम नाही, हा नियम आहे. 15 वर्षांखालच्या मुलांना स्मारकांत तिकीट लागत नाही. शाळांनी सहल काढायची तर ही सोय वापरावी. लांजीचा किल्ला, बैहरकडची जुनी देवळं, नगरधन, रामटेक, भेडाघाट, सगळं आपल्या एका दिवसाच्या टप्प्यात आहे.

पण खातं सगळीकडं पोचत नाही, आणि पोचणारही नाही. यादीत नसलेलं कितीतरी आपल्या शेतात, तळ्याच्या पाळीवर, गावच्या देवळात आहे. त्याचं काय करायचं, हे मिराशींच्या आयुष्यातून सरळ कळतं.

जमिनीत जुना पत्रा, नाणी, मूर्ती सापडली तर तहसीलदार किंवा कलेक्टर कचेरीत कळवा. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर तसं कळवणं बंधनकारकच आहे. लपवली तर गुन्हा होतो, आणि वस्तूही मुकी होते. कुठं सापडली हे माहीत नसलेला ताम्रपट म्हणजे पाकीट हरवलेलं पत्र. तांब्याचा पत्रा चिंच किंवा राख लावून घासू नका. हिरवा थर निघतो, सोबत अक्षरंही जातात. देवळाचा जीर्णोद्धार करताना अक्षरं असलेल्या दगडावर ऑइलपेंट मारू नका, टाइल्स बसवू नका. आधी मोबाइलवर चांगला फोटो काढा, तिरप्या उजेडात, आणि दगड कुठं होता ते लिहून ठेवा. श्रद्धेला त्यानं काही बाधत नाही. उलट आपला देव किती जुना, हे सांगायला पुरावा राहतो.

आणि मास्तर लोकांना एक विनंती. मिराशींचे हे खंड आता स्कॅन होऊन इंटरनेटवर वाचायला मिळतात. पाचव्या खंडातलं बालाघाट आणि तिरोडीचं पान उघडा, पेटीच्या डोक्याची ती अक्षरं पोरांना दाखवा. शाळा हिंदी माध्यमाची असो की मराठी, लेख तोच आहे. मेकल म्हणजे आपला मैकल, कोसंब म्हणजे आपला कुसुम, एवढं सांगितलं तरी पोरं पुढचं स्वतः विचारतील.

बालाघाटचा ताम्रपट दानाच्या ओळीआधीच थांबला. ज्या गावाचं नाव त्यात यायचं होतं, ते कुठलं हे कधीच कळणार नाही. पण तो ज्या मातीत मिळाला ती माती आपली आहे, आणि अशा मातीत अजून काय पुरलेलं असेल, हे पुढच्या नांगराला किंवा पुढच्या पावसाला ठाऊक. त्या दिवशी तो पत्रा ज्याच्या हाती लागेल, त्यानं तो भंगारवाल्याकडं नेऊ नये, कचेरीत न्यावा. वाचणारे मग मिळतातच.